बाराबंदी घरी शिवताना

शिवजयंतीला पोराला मावळा करायचंय ना, मग बाराबंदीसाठी (बंदांनी बांधायचा अंगरखा) ते चकचकीत साटीन आधी बाजूला ठेव. मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड) आण, नाहीतर जुनं सुती लुगडं काप. मांजरपाट आटतो, म्हणून बेतण्याआधी धुऊन घे. फारच पांढराफेक वाटला तर चहाच्या पाण्यात बुडव.

खरी गोम काखेत आहे. सरळ बाही सरळ अंगाला जोडलीस की तलवार उगारताना शिवण उसवलीच म्हणून समज. तिथे चार बोटांचा चौकोनी कापडाचा तुकडा, म्हणजे चौबगला घाल: एक कोपरा बाहीच्या शिवणीत, समोरचा कुशीच्या शिवणीत. कोपऱ्यांवर मशीन दामटू नकोस, हाताने शीव.

बंद बारा, म्हणजे सहा जोड्या. पट्ट्या शिवून सेफ्टी पिनने उलटव आणि मुळाशी दुहेरी टाके घाल, पोरं तिथेच ओढतात. वेल्क्रो नको (त्याचा तो चर्रर्र आवाज! असो). घाईच असेल तर आतून टिचबटण लाव.

चिलखत हवं असेल तर सुतळी जाड सुयांवर सैल विण आणि चंदेरी स्प्रे मार. स्टेजवर लोखंडी कड्याच वाटतात. सुतळी टोचते, आत बनियन घालायला विसरू नकोस.