ताप उतरतो त्या दिवशी
वाचकांचे प्रश्न : डेंगी आणि चिकुनगुन्या

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या १४ वर्षांच्या मुलीला डेंगी झाला. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी उतरला. आम्ही निर्धास्त झालो आणि त्याच रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ताप गेल्यावर आजार बळावला, हे कसं? (वाचक, सातारा)

उत्तर : डेंगीची खोड हीच. पहिले दोन ते सात दिवस सणकून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि सांधे मोडून निघणं, मळमळ, अन्नावर वासना नसणं. सर्दी-खोकला सहसा ठळक नसतो. या दिवसांत त्रास खूप, पण खरा धोका नंतर. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप ओसरू लागतो, त्याच सुमारास काहींच्या केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) झिरपायला लागतात. रक्तातला पाण्याचा भाग पोटात, छातीत उतरतो आणि रक्त घट्ट होतं. हा काळ २४ ते ४८ तासांचा. तेव्हा ताप उतरल्यापासून पुढचे दोन दिवस माणसाला एकटं सोडायचं नाही.

पोट सतत दुखणं, २४ तासांत तीन किंवा जास्त उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्त, गुंगी किंवा विनाकारण तगमग, गार पडलेले हातपाय, सहा तास लघवी नाही. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. मूल ‘शांत पडून आहे’ म्हणून घरचे सुस्कारा सोडतात, ती शांतता नव्हे, ग्लानी असू शकते. बोटाचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं.

घरी बीपीचं यंत्र असेल तर नुसता वरचा आकडा बघू नका. १००/८० ऐकायला बरं वाटतं, पण दोन आकड्यांतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला, म्हणजे रुग्ण शॉकच्या (रक्ताभिसरण कोसळण्याच्या) उंबरठ्यावर आहे.

प्रश्न : ‘पांढऱ्या पेशी’ ६० हजारांवर आल्या. नातेवाईक म्हणतात, पेशी चढवा, पपईच्या पानांचा रस द्या. (वाचक, नाशिक)

उत्तर : आधी नावातला घोळ. लोक ज्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात त्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. पांढऱ्या पेशी वेगळ्या. डेंगीत दोन्ही कमी होतात. रक्तस्राव नसेल तर ६० हजारांवर प्लेटलेट चढवायचं कारण नाही. तसा विचार साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर, किंवा रक्तस्राव सुरू झाल्यावर होतो. रिपोर्टमध्ये प्लेटलेटच्या जोडीने हिमॅटोक्रिटची (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के, त्याची) ओळ वाचा. पहिल्या दिवशी ४० असलेला आकडा चौथ्या दिवशी ४८ झाला, म्हणजे २० टक्के वाढ. रक्त घट्ट होतंय. एकाच रिपोर्टवरून हे कळत नाही, म्हणून तापाच्या सुरुवातीचा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) जपून ठेवा.

पपईचा रस कडू जहर. तो पिऊन उलटी झाली की ती रसाची की आजाराची, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यापेक्षा एक लिटर पाण्यात ओआरएसची लिटरची पुडी, पेज, ताक, शहाळं घोटघोट देत राहा. तापाला फक्त पॅरासिटामॉल : मोठ्यांना ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास, लहानांना वजनानुसार डॉक्टर सांगतील तितकंच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन नको. पोटात रक्तस्रावाची भीती. ‘एक इंजेक्शन द्या, ताप उतरू दे’ असा हट्टही नको, त्यात बऱ्याचदा डायक्लोफेनॅकच असतं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : दुसऱ्याच दिवशी तपासणी केली, ‘आयजीएम निगेटिव्ह’ आलं. मग डेंगी नाही ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : तपासणी चुकीच्या दिवशी झाली. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यापुढे आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). आयजीएम तयार व्हायलाच चार-पाच दिवस लागतात. पूर्वी डेंगी होऊन गेला असेल तर एनएस-१ सुद्धा हुकू शकते. लक्षणं जुळत असतील तर निगेटिव्ह कागदावर विसंबू नका. मलेरियाची तपासणीही सोबत करून घ्या.

प्रश्न : चिकनगुनिया वेगळा कसा ओळखायचा? (वाचक, बार्शी)

उत्तर : तुमच्या बार्शीत १९७३ सालीच त्याची साथ येऊन गेली. कोंबडीशी संबंध नाही; शब्द टांझानियातल्या माकोंडे भाषेतला, अर्थ ‘वाकवून टाकणारा’. ओळख सांध्यांवरून : दोन्ही मनगटं, बोटं, घोटे एकदम धरतात, सुजतात. सकाळी चहाचा कप धरवत नाही, तांब्या उचलवत नाही. डेंगीत दुखतं ते जास्त करून स्नायू-हाडांत, आणि सूज विरळाच. सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. पण दोन्ही आजारांचा डास एकच, दिवसा चावणारा एडिस, आणि दोन्ही एकाच माणसाला एकत्र होऊ शकतात. त्यामुळे डेंगी नाही हे नक्की होईपर्यंत सांध्यांसाठीही पॅरासिटामॉलच.

प्रश्न : आठवड्याला रांजण रिकामा करतो, तरी अळ्या होतात. (वाचक, जालना)

उत्तर : नुसता ओतून चालत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. पाणी भरलं की फुटतात. काथ्याने आतून घासा, विशेषतः ती रेषा, मग उन्हात वाळवा. फ्रिजच्या मागचा ट्रेही त्याच दिवशी.