भांडी मोजणारं मन

'ताई, आम्ही तिघी मिळून एका घरात राहतो. जिने भांडं वापरलं तिने ते लगेच घासायचं, असं आमचं ठरलेलं आहे. पण एक जण करपलेलं पातेलं सिंकमध्ये तसंच ठेवून झोपायला जाते. एरवी मला हिशेब जमत नाहीत, पण तिने कितीदा असं केलं ते मात्र तोंडपाठ आहे. आई म्हणते, तुझं मन कोतं झालंय. खरंच का हो?'

नाही गं. तुझं मन माणसाचं आहे, एवढंच. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये एक कोडं मांडलं. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. 'स्वर असेल तर मागे सम अंक हवा' हा नियम पाळलाय का, ते कमीत कमी पत्ते उलटून तपासायचं. समोर एक स्वर, एक व्यंजन, एक सम अंक, एक विषम अंक. उत्तर आहे स्वर आणि विषम अंक, पण भलेभले चुकतात. दहांतून जेमतेम एकाला जमतं. मग 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी हेच कोडं 'बिअर पिणारा सज्ञान हवा' अशा नियमात घालून विचारलं, तर बहुतेक विद्यार्थ्यांनी बरोबर सोडवलं! बिअर पिणाऱ्याचं वय बघायचं आणि लहान वयाच्याचा ग्लास. गणित तेच, पण आता कोण लबाडी करतंय ते शोधायचं होतं. मानसशास्त्रज्ञ लेडा कॉस्मिडीस यांच्या मते आपल्या मेंदूत फसवणूक हेरण्याची खास सोयच आहे. यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण हिशेबात कच्ची असलेली तू पातेली का विसरत नाहीस, ते यातून मला तरी पटतं.

पण याच अभ्यासातली पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. नियम मोडणारा मुद्दाम नव्हे, चुकून मोडत असेल, तर लोकांची ही तीक्ष्ण नजर मंदावते. म्हणजे मन नुसता मोडलेला नियम शोधत नाही, त्यामागचा हेतू शोधतं. आणि तिचा हेतू तू धरूनच चालली आहेस.

तू लिहितेस, 'आमचं ठरलेलं आहे'. कधी ठरलं? कोण बोललं? पत्रात ते कुठेच नाही. तिच्या घरी भांडी रात्री भिजत घालून सकाळी घासायची रीत असेल, तर तिच्या लेखी तिने काहीच मोडलेलं नाही. आणि तिसरी मैत्रीण? तीही गप्प आहे. तू तिच्या गप्प बसण्याला संमती समजतेस, तीही कदाचित तुझ्याबद्दल तेच समजत असेल.

आधी तिसरीशी बोल. मग तिघी एकत्र बसा, पण सिंकमध्ये पातेलं पडलेलं असताना नको. मागचे आकडे काढू नकोस. एवढंच विचार, "भांडी रात्रीच घासायची की सकाळी चालतील? काय ठरवूया?"

त्यानंतरही तिने तेच केलं, तर मला पुन्हा लिही.