स्टोनफिश विषाने शिकार करत नाही

साताऱ्याच्या एका सदस्याने विचारले आहे, की अंदमानच्या सहलीत समुद्रात उतरताना स्टोनफिशची भीती कितपत बाळगावी, आणि हा मासा घोणशीप्रमाणे दबा धरून विषाने भक्ष्य मारतो हे खरे आहे का.

दबा धरण्याची तुलना रास्त आहे, विषाची मात्र नाही. उसाच्या पाचटात पडून राहिलेली घोणस उंदराला विषदंताने मारते. स्टोनफिश भक्ष्याला विष टोचतच नाही. खडकांच्या आणि प्रवाळांच्या तळाशी, वाळूत अर्धवट रुतून, अंगावर शेवाळ वाढू देत तो निपचित पडून राहतो आणि एखादा लहान मासा किंवा कोळंबी तोंडासमोर आली, की जबडा उघडून तिला पाण्यासकट आत ओढतो. या क्रियेला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही.

विष आहे ते मुख्यतः पाठीवरच्या १३ काट्यांत, आणि तेही केवळ बचावासाठी. प्रत्येक काट्याच्या दोन्ही अंगांना विषग्रंथी असतात. वरून पाय पडला, की काट्यावरचे आवरण मागे सरकते, ग्रंथी दाबली जाते आणि विष काट्याच्या खाचेतून जखमेत शिरते. भार जितका अधिक, तितके विष अधिक. कृष्णेतला शिंगाळा जाळ्यातून सोडवताना ज्यांनी काटा खाल्ला आहे (सांगलीच्या घाटावर मीही खाल्ला आहे), त्यांना काट्याची धास्ती समजावून सांगायला नको. मात्र स्टोनफिशच्या वेदना त्याहून कितीतरी भयंकर असतात आणि क्वचित रक्तदाब व हृदयाचे ठोकेही बिघडतात.

म्हणून भीतीपेक्षा जाड तळव्याचे बूट बाळगावेत, कारण पातळ रबरी चपलेतून काटा आरपार जातो. खडकावर हात टेकू नये. ओहोटीत उघडा पडलेला मासा मेला असे समजून उचलू नये. पाण्याबाहेरही तो कित्येक तास जगतो.

काटा लागलाच, तर हे विष प्रथिनांचे असून उष्णतेने निकामी होते हे ध्यानात ठेवून, जखमेचा भाग सोसवेल इतक्या, म्हणजे साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवावा. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने किंवा पायाने तपासावे, कारण वेदनेने बेजार झालेल्या पायाला चटका कळत नाही. आवळपट्टी बांधू नये, जखम चिरू नये आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. या माशावरचे प्रतिविष ऑस्ट्रेलियात १९५९ पासून तयार होते. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असल्याने तिचा येथे उपयोग नाही.