डक्टमधला स्मोक डिटेक्टर: नोटीस दोघांना, खर्च कोणाचा?

प्रश्न : धरमपेठेतल्या एका व्यापारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. जागा लीव्ह अँड लायसन्सवर आहे. गच्चीवर मोठा डक्ट कूलर आहे आणि त्याची डक्ट शाफ्टमधून सगळ्या मजल्यांवर उतरते. मनपाच्या अग्निशमन विभागाची नोटीस आली आहे, मालकाच्या आणि माझ्या, दोघांच्या नावाने. डक्टमध्ये स्मोक डिटेक्टर व डॅम्पर (आगीच्या वेळी डक्ट बंद करणारी झडप) आणि हॉलमध्ये अलार्म 30 दिवसांत बसवा, असं तीत म्हटलं आहे. मालक म्हणतात, "करारात सरकारी नियम पाळण्याची जबाबदारी तुमची आहे." गाळेधारकांची असोसिएशन म्हणते, "डक्ट कॉमन आहे, हात लावायचा नाही." खर्च कोणी करायचा? मालक जागा खाली करायला लावतील का?

उत्तर : करारनामा सध्या फाईलमध्येच राहू द्या. तो तुमच्या आणि मालकाच्या मधला कागद आहे, अग्निशमन अधिकाऱ्यापुढे तो नाचवून काही साधणार नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 च्या कलम 3 मध्ये विकासक, मालक आणि भोगवटादार या सगळ्यांनाच धरलेलं आहे, आणि राष्ट्रीय इमारत संहितेतले आगीसंबंधीचे उपाय याच कलमामुळे बंधनकारक होतात. लायसन्सवर जागा वापरणाराही भोगवटादारच. त्यामुळे "मी तर भाड्याने बसलोय" हे उत्तर चालत नाही, आणि "मी तर जागा देऊन मोकळा झालो" हे मालकाचंही चालत नाही. कलम 6 ची नोटीस पाळली नाही तर पुढे कलम 8 येतं : जागा रिकामी करायला लावणं, सील, वीज-पाणी तोडणं. कलम 36 मध्ये कैद आणि दंड, दोन्ही आहेत. तुमच्या हॉलमध्ये बाहेरगावची पोरं रात्री उशिरापर्यंत बसतात. 24 मे 2019 ला सुरतेत कोचिंग क्लासच्या आगीत 22 जीव गेले. अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते असणारच.

आता डक्ट. असोसिएशनचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इमारतीचं डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारा दस्त) महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, 1970 खाली नोंदलेलं असेल, तर त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वातानुकूलनासारख्या केंद्रीय सेवांची यंत्रणा सामायिक सुविधेत मोडते. तुमचा कूलर त्याच माळेतला. म्हणून स्वतःच्या मिस्त्रीला बोलावून पत्र्याला भोक पाडू नका. पण सामायिक वस्तूचा खर्चही सामायिक असतो आणि तो प्रत्येक अपार्टमेंट मालकाच्या हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. "हात लावू नका" म्हणणाऱ्या असोसिएशनला मग "तुम्ही लावा" असं लेखी कळवायचं, सोबत नोटिशीची प्रत जोडायची आणि पोच घ्यायची. शाफ्ट, डॅम्पर आणि डक्टमधले डिटेक्टर त्यांच्याकडे. तुमच्या हॉलमधलं काम तुमच्यात आणि मालकात.

नोटिशीतल्या तांत्रिक भागाकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. डक्ट डिटेक्टर वाहत्या हवेवर चालतो. डक्टच्या आत आडवी नळी असते, ती हवेचा नमुना बाहेरच्या डबीत खेचते. सेंट्रल एसीत खोलीतली हवा रिटर्न डक्टने परत येते, म्हणून खोलीतला धूर त्याला सापडू शकतो. आपल्याकडच्या कूलरला रिटर्नच नसतो. बाहेरची हवा पॅडमधून आत येते आणि खिडकीतून निघून जाते. ब्लोअर चालू असताना तुमच्या हॉलमध्ये काही पेटलं तर तो धूर डक्टमध्ये जाणारच नाही. ब्लोअर बंद असेल तर खालच्या मजल्यावरचा धूर ग्रिलमधून शाफ्टमध्ये शिरून वर तुमच्याकडे येईल, आणि हवा वाहत नसल्याने डबीला तो वेळेत कळेल याची खात्री नाही. शिवाय कूलरच्या दमट हवेत खोटे अलार्म वाजतात. मग कोणीतरी वैतागून वायर काढून ठेवतो.

याचा अर्थ नोटीस चुकीची आहे असा नाही. गच्चीवर मोटर जळाली किंवा पॅडमधल्या वाळलेल्या वूडवूलने पेट घेतला, तर ब्लोअरच्या पुढे लावलेला डिटेक्टर तो धूर खाली पोचायच्या आत पकडेल. पण तुमच्या हॉलच्या छतावरचे डिटेक्टर त्याने टळत नाहीत. अलार्म वाजला की ब्लोअर आपोआप बंद पडणं आणि शाफ्टमधून डक्ट ज्या मजल्यात शिरते तिथे फायर डॅम्पर असणं, या दोन गोष्टी मला डबीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात 2011 च्या डिसेंबरमध्ये तळघरात आग लागली आणि धूर वरच्या मजल्यांवर पोचला. बहुतेक रुग्ण गुदमरून गेले. म्हणून परवानाप्राप्त एजन्सीकडून जागा पाहून नकाशासह प्रस्ताव घ्या आणि नोटिशीच्या उत्तराला जोडा. "आमची यंत्रणा रिटर्न नसलेली आहे, डिटेक्टरच्या जागा निश्चित करून द्याव्यात" अशी विनंती त्यातच करा. मुदतवाढ मागायची तर 30 दिवस संपायच्या आत, आणि हातात वर्क ऑर्डर घेऊन. कोऱ्या हाताने गेलेल्याला मुदत मिळणं अवघड.

पैशाचं म्हणाल तर करारातलं ते कलम नीट वाचा. "व्यवसायासंबंधी सर्व परवाने व नियम लायसन्सीने पाळावेत" अशी भाषा असेल, तर ती तुमच्या धंद्यापुरती आहे, इमारतीत कायमची बसणारी यंत्रणा त्यात येत नाही, असा माझा युक्तिवाद राहील. "अग्निसुरक्षेची सर्व बांधकामे व खर्च" असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर तुमची बाजू लंगडी आहे, हे आत्ताच सांगतो.

भाषा मोघम असेल आणि मालक हलत नसतील, तर हॉलचं काम तुम्ही करून घ्या, पण गुपचूप नको. भारतीय करार कायद्याचं कलम 69 असं आहे : जे पैसे भरायला दुसरा कायद्याने बांधलेला आहे, ते स्वतःचं हित अडकल्यामुळे तुम्ही भरले, तर ते त्याच्याकडून वसूल करता येतात. जोडीला कलम 70 आहे (तुमच्या कामाचा फायदा ज्याने घेतला त्याने भरपाई द्यायची), पण तिथे काम फुकट करण्याचा इरादा नव्हता हे दिसावं लागतं. म्हणून काम सुरू होण्याआधी नोंदणीसह स्पीड पोस्टाने चार ओळी पाठवा : "नोटिशीची मुदत संपत असल्याने आणि आपण काम करत नसल्याने, माझे सर्व हक्क राखून मी हा खर्च करीत आहे. सदर रक्कम आपणाकडून वसूल करण्यात येईल." दरपत्रक जोडा. वसुलीच्या दाव्याला पैसे भरल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. मासिक रकमेतून परस्पर कापून घेऊ नका. थकबाकीचं निमित्त मालकाच्या हाती जाईल.

जागा खाली करण्याबाबत : नोटीस आली एवढ्यावर मालक कुलूप ठोकू शकत नाहीत. पण लायसन्सीचं संरक्षण भाडेकरूपेक्षा तोकडं आहे, त्यामुळे लॉक-इन (करार मोडता न येणारा काळ) आणि नोटीस पिरियड किती आहे ते आज पाहा. करार संपायला थोडेच महिने उरले असतील, तर आधी नूतनीकरणाचं बोला आणि मगच पैसे घाला. नवीन करारात जानेवारी आणि जुलैचा बी फॉर्म (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाप्राप्त एजन्सीचं प्रमाणपत्र) कोणी भरायचा आणि एजन्सीची फी कोणी द्यायची, हे नाव घालून लिहून घ्या. यंत्रणा बसवल्यानंतर दर सहा महिन्यांनी हा प्रश्न पुन्हा येणार आहे.