बिझनेस स्ट्रॅटेजीच्या थिअरीज वाचायला घेतोयस? मग आधी एवढंच कर

अरे सुरुवातीलाच दहा फ्रेमवर्क पाठ करायला बसू नकोस, बरेच जण तिथेच कंटाळून सोडतात (मीपण एकदा सोडलं होतं). आधी फक्त साल बघ आणि तेव्हाचा प्रश्न काय होता ते बघ. चँडलर हा इतिहासकार 1962 मध्ये ड्यू पाँट, जनरल मोटर्स असल्या अवाढव्य कंपन्यांचा इतिहास खणत होता, म्हणजे एवढा पसारा सांभाळायचा कसा हा प्रश्न. 1979 ला हार्वर्डच्या पोर्टरचे पाच फोर्सेस (स्पर्धक, नवे येणारे, ग्राहक, पुरवठादार, पर्यायी माल, असे नफ्यावरचे पाच दाब) आले तोवर प्रश्नच बदलला, कुठल्या धंद्यात नफा टिकतो आणि का. मग 1984 ला वर्नरफेल्ट नावाचा अभ्यासक म्हणाला कंपनीच्या आत काय आहे तेही बघा, 1991 मध्ये बार्नीने ते नीट बांधून दिलं.

आणि होंडाची केस वाचच. 1959 ला अमेरिकेत गेले, मोठ्या बाइकवर भिस्त, त्या लागल्या बिघडायला आणि खपली कुठली तर 50 सीसीची छोटी, जी त्यांचीच माणसं कामासाठी फिरवत होती. 1975 च्या बीसीजी (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप, सल्लागार कंपनी) रिपोर्टमध्ये हे यश म्हणजे प्रचंड उत्पादन आणि कमी खर्च, पण 1984 मध्ये पास्केल या अभ्यासकाने होंडावाल्यांनाच विचारलेलं छापलं तेव्हा ही छोट्या बाइकची गोष्ट बाहेर आली. यश आखून आलं की योगायोगाने, यावर लोक अजून भांडतात, खरी मजा तिथेच.

नवखे हमखास चुकतात ते असं:
- नवी थिअरी आली की जुनी बाद समजतात, पोर्टर अजून वापरतात रे
- यशस्वी कंपनी पकडून तिला मागाहून थिअरी चिकटवतात

डायनॅमिक कॅपेबिलिटीज (बदलत्या बाजारात कंपनी स्वतःला कशी बदलते, ती थिअरी) वगैरे आत्ता नको, सहा महिन्यांनी विचार.