कढीपत्त्याला ताक चालतं, मग ब्लूबेरीला का नाही?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोन वर्षांपूर्वी बॅकयार्डमध्ये ब्लूबेरीची दोन रोपं लावली. यंदा पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यात. खत भरपूर घालून झालं. सासूबाई म्हणतायत, कढीपत्त्याला घालतो तसं आंबट ताक घाला. घालू का?

उत्तर: सासूबाईंचं निदान अगदी बरोबर आहे हो, औषध तेवढं चुकलंय. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं म्हणजे बहुतेक वेळा झाडाला लोह मिळत नाहीये. लोह मातीत असतं, पण माती पुरेशी आंबट नसेल तर ब्लूबेरीच्या मुळांना ते उचलताच येत नाही, ताट वाढलंय पण हात बांधलेत असा प्रकार. हिला पीएच (मातीच्या आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) ४.५ ते ५.५ च्या आसपास लागतो, टोमॅटो-मिरच्या ६ च्या वर खुशीत असतात. ताकाचा आंबटपणा मातीत टिकत नाही, जिवाणू तो खाऊन टाकतात आणि मागे उरतो वास, मुंग्या आणि रात्री येऊन कुंपण उचकणारा रॅकून. मठ्ठा असेल तर वर मीठसुद्धा!

मला आधी सांगा, लॉनवाला येतो का तुमच्याकडे? इकडे लॉनला चुना टाकायची पद्धत आहे, गवताला तो मानवतो पण शेजारच्या ब्लूबेरीची वाट लागते. मीपण शहाणी नव्हते, पहिल्या वर्षी आईच्या सवयीने अंड्याची टरफलं कुटून घातली आणि वर बार्बेक्यूची राख, दोन्ही माती अजून अल्कली करणारी, झाड ऑगस्टपर्यंत खराट्यासारखं झालं.

गंमत म्हणजे बागेतली ब्लूबेरी तुमच्याच राज्यात माणसाळली. त्याआधी लोक ती रानातूनच तोडून आणायचे. फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९१० मध्ये लिहून ठेवलं की हिला आंबट मातीच लागते, ते वाचून व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट बाईंनी त्याला हाताशी धरलं, पाइन बॅरन्सच्या रेताड आंबट जमिनीत आसपासच्या लोकांकडून मोठ्या फळांची रानझुडपं शोधून आणवली, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं.

तर आता काय करायचं. खत ताबडतोब थांबवा. रटगर्स विद्यापीठाच्या लॅबमध्ये थोडी फी भरून माती तपासून मिळते, ती तपासा आणि रिपोर्टमध्ये सांगतील तेवढंच गंधक मिसळा, त्याला काम करायला महिने लागतात त्यामुळे घाई नको. तोपर्यंत पानांवर चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं तर झाडाला जरा तरतरी येईल. बुंध्याभोवती पाइनच्या वाळलेल्या सुया चांगल्या तीन-चार इंच पसरा. मुळं अगदी वरवर असतात, खुरपं घालून उकरत बसू नका. आणि फळ निळं झालं की लगेच तोडायचं नाही, देठाजवळचा लालसर कडा जाईपर्यंत अजून चार-पाच दिवस थांबायचं, तेवढ्यात पक्षी आले नाहीत तर! जाळी लावाच.

प्रश्न: पुण्यात गच्चीवर ब्लूबेरी येईल का? ऑनलाइन रोप मिळतंय, पण व्हरायटी लिहिलेली नाही.

उत्तर: व्हरायटी लिहिलेली नसेल तर घेऊच नका. ड्यूक, ब्लूक्रॉप या थंडीतल्या जातींना ७ अंशांखाली आठशे-हजार तास लागतात, तेवढी थंडी पुण्यात दहा हिवाळे मिळून तरी पडते का बघा. बिलॉक्सी किंवा मिस्टीसारख्या कमी थंडीच्या जाती जमू शकतात, बिलॉक्सी तर पेरू आणि मेक्सिकोत पिकते. कुंडीत काळी माती नको, पीट मॉस आणि कोकोपीट घ्या. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं, बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्याने मातीचा आंबटपणा जातो आणि हळूहळू पुन्हा तोच पिवळेपणा येतो. एप्रिल-मेमध्ये शेडनेट लागेलच. बहिणीच्या गच्चीवर मी हे सगळं सांगून आले होते, तिने बोअरचंच पाणी घातलं, दोन्ही रोपं गेली, अजून एकमेकींना दोष देतोय. मनापासून सांगू? एवढी हौस नसेल तर करवंद लावा. काटे आहेत, चीक आहे, पण मे महिन्यात फळ देतं आणि नखरे शून्य.

प्रश्न: ब्लूबेरी घालून रव्याचा केक केला तर आतून हिरवा निघाला. खाल्ला नाही, टाकला. फळं खराब होती का?

उत्तर: अरेरे, खायचा की! फळं चांगली होती, तुमचा सोडा जास्त झाला. ब्लूबेरीच्या सालातला जांभळा रंग आंबटात लाल होतो आणि सोड्यात निळा-हिरवा. पुढच्या वेळी रवा दह्यात भिजवा, सोडा पाव चमचाच घाला, आणि फ्रोझन फळं असतील तर वितळू न देता शेवटी घालून दोनदाच हलवा, म्हणजे रस पिठात पसरणार नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मुरांबा करा. अर्धा किलो ब्लूबेरीला पाव किलो साखर, मंद आचेवर, पाणी अजिबात नाही, दहा मिनिटांत फळं फुटून पातेल्यात काळपट शाई दिसायला लागते. त्यात अर्धं लिंबू पिळा आणि चमचा फिरवा, तो शाईचा रंग चमच्याच्या मागोमाग झगझगीत राणी होत जातो, माझ्या मुलीला अजूनही गॅसजवळ बोलवावं लागतं त्यासाठी. वेलदोडा गॅस बंद केल्यावर. साखर कमी आहे, त्यामुळे फ्रीजमध्येच ठेवायचा, आमच्याकडे आठवडाभरात संपतो. आणि याच दिवसांत कच्चट पीच मिळाले तर त्यांचा गूळ घालून मेथांबा करून बघा, कैरीचा नाही म्हणून नाक मुरडणारे आमचे हे वाटी चाटतात.