स्पेंटवॉशच्या (मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या) डायजेस्टरमध्ये, म्हणजे बायोगॅसच्या बंद टाकीत, सल्फेट वाढलं की गॅस का घटतो?

कारण टाकीत एकाच ताटावर दोघं जेवायला बसतात. मिथेन बनवणारे जीव हायड्रोजन आणि अ‍ॅसिटेटवर जगतात, आणि सल्फेट खाणाऱ्या जीवाणूंनाही तेच लागतं. हायड्रोजनच्या बाबतीत तर दुसरे सहसा वरचढ ठरतात. हिशेबाने १ ग्रॅम सल्फेटमागे साधारण ०.६७ ग्रॅम सीओडी (सांडपाण्यातला सेंद्रिय भार मोजायचं माप) मिथेनऐवजी सल्फाइडकडे वळतो.

पण खरी डोकेदुखी पुढे आहे. तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड पेशीच्या आवरणातून थेट आत शिरतो आणि मिथेनवाल्यांना मारक ठरतो. पीएच ७ च्या आसपास विरघळलेल्या सल्फाइडपैकी जवळपास निम्मा या विषारी रूपात असतो, ७.८–८ ला तो बराच कमी होतो. म्हणून सल्फाइड किती, याबरोबर पीएच किती हेही बघा. एकटा आकडा फसवतो. शिवाय निकेल, कोबाल्ट हे धातू सल्फाइड होऊन खाली बसतात आणि जीवांना सूक्ष्मपोषण मिळत नाही. (थोडं गंधक मात्र त्यांना हवंच असतं!)

आपल्याकडे मळीत गंधक येतं ते साखर कारखान्यातल्या गंधकाच्या धुरीतून; आसवनीत सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरलं तर त्यात भर. सीओडी-सल्फेट गुणोत्तर १० च्या वर असेल तर सहसा निभावतं. खाली आलं तर फेरिक क्लोराइड टाकतात, सल्फाइड लोहाशी बांधला जाऊन गाळ काळाकुट्ट होतो. मी आधी अ‍ॅसिडच कमी करायला सांगेन, ते स्वस्त पडतं.